मिरजेचा तानपुरा, पांढरी पाच : दीड वर्ष वापरल्यानंतर

तानपुरा घ्यायला जाताना मी घरून एक कागद नेला होता. वर गाण्याच्या बाईंनी सांगितलेलं : काळी पाचचा (म्हणजे बाजाच्या पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराचा), चार तारांचा, खुंट्या शिसवी, भोपळ्याला चीर नको. त्याखाली मुलाचं : पावती घे, सगळे पैसे आधी देऊ नकोस. शेवटी ह्यांचं : तानपुरा ठेवायची पेटी मजबूत बघ, आणि एवढा मोठा ठेवणार कुठं ते आधी ठरव. एकतीस वर्षं बँकेत काढली, लोकांची कर्जप्रकरणं तपासून सह्या केल्या, आणि माझ्या स्वतःच्या गळ्यासाठी घ्यायच्या वाद्याच्या यादीत माझं म्हणून एक अक्षर नव्हतं. हे लक्षात आलं ते दुकानात बसल्यावर.

मिरजेला तानपुरा घ्यायला निघालात तर लाकूड, भोपळा, पॉलिश यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. तिथं गेल्यावर ‘तुमचा सूर कुठला?’ असं विचारतात, आणि ते उत्तर उसनं चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून एवढं लिहिते आहे.

आधी जुन्याबद्दल. माझ्या आईचा तानपुरा होता, मिरजेचाच. माहेर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालचा मजला पाण्यात होता आणि तानपुरा खालच्या खोलीत कोपऱ्यात उभा. पाणी उतरल्यावर गेलो तर भोपळा फुटलेला, भोपळ्यावरची लाकडी तबली सुटून वर आलेली, आत चिखल. खुंट्या आणि तारा टेकतात ती घोडी तेवढी काढून धुऊन ठेवली. त्यानंतर साडेचार वर्षं मोबाइलमधल्या तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर गायले. काही अडलं नाही, असं तेव्हा वाटायचं.

२०२४ च्या फेब्रुवारीत सतारमेकर गल्लीतल्या एका घरी गेले. नाव मुद्दाम देत नाही. गल्लीत सगळे एकमेकांचे भाऊबंद. एकाचं घेतलं की दहांचं राहतं. हे मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. पटवर्धनांच्या संस्थानात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली, आणि पुढं तोच घराण्यांचा धंदा झाला. दुकान चालवणाऱ्या चाचांच्या हातात कानस पाहिली की ही गोष्ट पटते. दीड बोटाच्या तुकड्यावर ती अशी फिरते की पीठ पडावं तशी पांढरी भुकटी पडते, आणि आवाज जवळजवळ येत नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आढ्याला भोपळे टांगलेले, पंढरपूरकडून आलेले, कडू जातीचे, खायचे नव्हेत. एका भिंतीला पॉलिश व्हायचे तानपुरे उभे. चपड्याचा आणि स्पिरिटचा वास डोक्यात जातो, पाच मिनिटांनी तो कळेनासा होतो. बसायला सतरंजी.

चाचांनी कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला.

“हे झालं बाईंचं. आता तुम्ही सा लावा.”

मी मोबाइल काढला, काळी पाच लावायला.

“ते नको. बाजाची पेटी पण नको. येईल तसा लावा.”

मी नवव्या वर्षी गाणं शिकायला लागले. नोकरी आणि मुलांच्या शाळांमध्ये मधली वीस वर्षं गेली, ती सोडली तर सतत कुणा ना कुणाकडे शिकते आहे. पण समोर सूर नसताना सा लाव, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सा आधीच ठरलेला असायचा, मी त्यात जाऊन बसायची. त्या दिवशी घसा खाकरला, डोळे मिटले, लावला. चाचांनी मागच्या पेटीची एक पट्टी हळूच दाबून पाहिली आणि चहा मागवला. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, पुन्हा लावा. मग आतल्या खोलीत तुणाचं लाकूड दाखवायला नेलं, बाहेर आलो, पुन्हा लावा. असं चार वेळा. चारही वेळा माझा सा एकाच जागी पडला. ती काळी पाच नव्हती, पांढरी पाच होती. पेटीवर मधल्या दोन पट्ट्या सोडून खाली.

“बाईंना सांगा, गळा हितं आहे,” चाचा म्हणाले. “काळी पाचचा पाहिजे तर काळी पाचचा करतो. पण एकदा ठरवून सांगा. मग दांडी लहान-मोठी होत नाही.”

न शिकणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पेटीसारखी तानपुऱ्याची पट्टी मनात आलं की बदलता येत नाही. कुठल्या सुरासाठी करायचा त्यावर दांडीची लांबी ठरते, तारेचा नंबर ठरतो. काळी पाचसाठी केलेला तानपुरा खेचून खाली आणला तर तारा ढिल्या पडतात आणि आवाज भरभरतो. तेव्हा कागदावरचं मान्य करायचं की चार वेळा लावलेला सा मान्य करायचा, हे मला तिथंच, पैसे देण्याआधी ठरवायचं होतं.

बाईंविषयी लिहिताना मला जपून लिहायचं आहे, कारण माझ्या हाती जे काही गाणं आहे ते त्यांचं आहे. सत्तरी ओलांडलेल्या, अत्यंत कडक. त्यांचं मत असं की सूर उतरवला की गळ्याला पळवाट मिळते, आणि पळवाट मिळालेला गळा परत वर जात नाही. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे परत गेले तेव्हा त्यांनी पेटीवर काळी पाच दाबली आणि म्हणाल्या, ‘हाच तुझा सूर, लहानपणी हाच होता.’ मी मान हलवली. त्यानंतर तार गांधाराला माझी मान ताणली जायची, रियाजानंतर संध्याकाळपर्यंत घसा दुखायचा, आणि मी ते कमी मेहनतीच्या खात्यावर टाकत राहिले. कुणी चुका काढल्या की त्या खऱ्याच असणार, हे मी लहानपणापासून धरून चालत आले. आधी वडील, मग सासूबाई, मग साहेब, मग बाई. वडिलांचं गणित बरोबर असायचं, बाईंचे कान तर नक्कीच बरोबर होते. पण सगळ्यांचं सगळं बरोबर धरलं की आपण ऐकायचंच सोडतो, आणि गाणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

चाचांना म्हटलं, तासाभरात येते. तिथून दर्गा चालत जाण्यासारखा आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले, आणि त्यांना मिरजेत आणून दफन केलं. उरुसात अजून त्यांच्या आठवणीत गायनाची सभा होते, आई लहानपणी मला तिथं घेऊन यायची. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. मी कट्ट्यावर बसले आणि मला गंगूबाई हनगल आठवल्या. त्या सवाई गंधर्वांच्या शिष्या, म्हणजे खाँसाहेबांच्याच परंपरेतल्या. त्यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज उंच आणि बारीक आहे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर तो खाली उतरला, इतका भारदस्त झाला की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुषाचा वाटावा. बायकी नाही म्हणून त्याला नावं ठेवणारे होतेच. त्या मात्र त्याच आवाजात पुढची कित्येक दशकं गायल्या आणि आपण आज जे ऐकतो ते तेच. मला त्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा कुणी ऐकवल्या? बाईंनी. ‘ऐक, सूर कसा लावते बघ, काही लपवत नाही,’ असं म्हणून.

मी कुणी गंगूबाई नव्हे, आणि माझा आवाज उतरला तो वयानं. पण उतरलेला आवाज लपवत बसण्यात माझी सात वर्षं गेली होती. तासाभरानं परत गेले आणि सांगितलं, पांढरी पाच. चाचांनी भिंतीवरच्या वहीत लिहून घेतलं. ह्यांना रात्री सांगितलं. बाईंना सांगितलं नाही. ते भित्रेपणाचं होतं, तेव्हाही मला ते कळत होतं.

आता व्यवहार. तानपुरा २८,०००, कडक पेटी ४,५००, आगाऊ १०,०००. पाडव्याला देतो म्हणाले, हातात पडला वटपौर्णिमेच्या आठवड्यात. यातली खरी तक्रार उशिराची नाही, वाद्याला वेळ लागतो हे मान्य. पण उशीर होणार हे आपण होऊन कळवत नाहीत. तीनदा फोन मी केला, एकदा फुकट हेलपाटाही झाला. मी राहते त्या सांगलीच्या विश्रामबागेतून मिरज जवळ म्हणून ठीक. लांबून येणाऱ्यांनी फोन केल्याशिवाय निघू नये. याच मधल्या काळात मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली. मी अभिनंदन केलं तर चाचा म्हणाले, “चांगलं झालं. आता पोरं शिकायला बसली पाहिजेत.” आत खरोखरच सगळे चाळिशीच्या पुढचे हात होते.

वाद्य न्यायला गेले त्या दिवसाबद्दल मात्र सावकाश लिहिणार आहे.

तानपुरा तयार होता, तारा चढवलेल्या होत्या, जवारी लावायची, म्हणजे आवाज गुंजावा म्हणून घोडी घासायची, बाकी ठेवली होती. घोडीचा वरचा भाग दिसायला सपाट, पण तो किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर अलगद टेकते, घासते, आणि त्या घासण्यातून तानपुऱ्याचा तो गुंजणारा आवाज निघतो. उतार केसभर इकडे झाला तर आवाज मिटतो, तिकडे झाला तर झणझणतो. आईची जुनी घोडी मी बरोबर नेली होती. चाचांनी ती उजेडाकडे धरली, नख फिरवलं.

“ही किती वर्षं घासली नाही?”

मला आठवत होतं तेव्हापासून तर नक्कीच नाही. तारांनी चार खाचा पाडल्या होत्या, नखाला लागत होत्या. अशा घोडीवर तार गुंजत नाही, नुसती वाजते. म्हणजे लहानपणापासून ज्याला मी तानपुऱ्याचा आवाज समजत होते, तो मिटलेल्या जवारीचा आवाज होता. आमच्या घरी तोच प्रमाण होता. पाहुणे वाखाणायचेसुद्धा.

चाचांनी विचारलं, खुली पाहिजे की बंद? मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तशी करा. मग त्यांनी कानस खाली ठेवली.

“ताई, मी शंभर लोकांना शंभर प्रकारची लावून देतो. तुमच्या मांडीवर तुम्ही घेणार. मला काय आवडतं ते विचारून काय करणार?”

आधी त्यांनी बंद, गोल लावून दाखवली. मऊ, घरच्यासारखी. मी लगेच म्हटलं, हीच. ते म्हणाले, थांबा. मग जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या सुराच्या तारांपैकी, एका तारेखाली सुताचा धागा सरकवला. तो बघण्यासारखा प्रकार आहे. साधा शिवायचा सुती धागा, तार आणि घोडी यांच्या मध्ये. डाव्या हातानं तो पुढं ढकलायचा, उजव्या हातानं तार छेडत राहायची. ढकलणं म्हणजे किती, तर डोळ्याला हललेलं दिसत नाही. तार छेडली : ठणठण. धागा सरकला. ठणठण. सरकला. आणि मग एका ठिकाणी आवाज उघडला. खोलीत कुणी खिडकी ढकलली असं मला वाटलं, मी वळून पाहिलंसुद्धा. खर्जाला, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या जाड तारेला, धागा बसल्यावर त्यातून गांधार ऐकू यायला लागला, कुणीही न छेडलेला. स्वयंभू गांधार म्हणतात तो. मी परीक्षेत त्याच्यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती. ऐकला त्या दिवशी, चोपन्नाव्या वर्षी.

“आता सांगा.”

मला ती खुली जवारी जरा जास्त वाटली. गाताना अंगावर येईल अशी. पण पहिली बंद आता पुन्हा ऐकवली तर पांघरूण घातल्यासारखी वाटायला लागली. मी म्हटलं, मधली करता येईल का, दुसरीच्या जवळची? स्वतःचंच वाक्य ऐकून मी दचकले. चाचांनी कानस घेतली, दोन हात मारले, पुसलं, तारा परत बसवल्या. मी म्हटलं, किंचित आणखी. आणखी एक हात. बस्स. असं करत दोन तास गेले आणि त्यांनी एकदाही घाई केली नाही. या दोन तासांसाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी देते. उशिराचे गुण त्यातून कापून घ्या हवे तर.

रिक्षानं आणला. पेटी आडवी माझ्या आणि ह्यांच्या मांडीवर, टोक बाहेर, वानलेसवाडीपर्यंत ह्यांचा हात त्या टोकावर. घरात जागा झाली. देवघराच्या भिंतीला, उन्हापासून लांब.

वापराबद्दल. पहिल्या पावसाळ्यात खुंट्यांनी फार त्रास दिला. हवा दमट झाली की एक फुगून घट्ट बसायची, दुसरी सुटायची. सुटणारीला खडू लावायचा, तो उपाय चाचांनी फोनवर सांगितला आणि लागू पडला. वाजवून झालं की खुंटी आत दाबून ठेवायची. बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्यांनी काढायचा, खुंटीला सारखा हात लावायचा नाही. पॉलिश एका ठिकाणी, गळ्याच्या सांध्याशी, वर्षाच्या आत उडालं. त्यांनी फुकट करून दिलं. तबलीवरचं पानांचं नक्षीकाम छान आहे, पण मी कमी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

अ‍ॅपशी तुलना सगळे विचारतात. अ‍ॅप कधी उतरत नाही, प्रवासात नेता येतं, फुकट आहे. मी अजूनही सकाळी फिरताना सरावाचे पलटे घोळवायला तेच लावते. पण अ‍ॅपला तुम्ही नसलात तरी चालतं. तानपुरा रोज आपण लावावा लागतो : आधी जोड, मग खर्ज, मग पंचम. सुरुवातीला मला पाऊण तास लागायचा आणि रडू यायचं, कारण बरोबर झालं हे सांगायला कुणी नसायचं. अ‍ॅपमध्ये सूर जुळला की हिरवा दिवा लागतो, तसा मी काही दिवस शेजारी मोबाइल ठेवून दिवा बघत तारा पिळल्या. मग मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. आता दहा मिनिटं लागतात. दोन्ही जोड एक झाले की मधली लाट थांबते, ते कानाला कळतं, आणि आता मी कुणाला विचारत नाही. तारा मोकळ्या वाजतात, तानपुऱ्यात कुठलीही तार दाबायची नसते. बोट सोडलं की तिचं तिला वाजू द्यायचं. मला ते शिकायला वेळ लागला. माझं बोट उगाच रेंगाळायचं.

गेल्या दिवाळीत शेवटी बाईंना घरी बोलावलं. त्यांनी तानपुरा मांडीवर घेतला, एक फेरा वाजवला, आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. “पांढरी पाच केलीस.” मी हो म्हटलं. “विचारलं नाहीस.” तेही खरं होतं, आणि त्याबद्दल मी माफी मागितली. पट्टीबद्दल मागितली नाही. त्या म्हणाल्या, गा. मी भीमपलासचा विलंबित गायले, त्यांच्याकडूनच घेतलेला. संपल्यावर त्या बराच वेळ तारा छेडत राहिल्या. मग म्हणाल्या, “जवारी चांगली निवडली आहेस. वर मान ताणत नाहीस आता. पण मंद्रात श्वास चोरतेस. खाली आलीस तर खाली नीट उभी राहा.”

रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. चोरते. मंद्र पंचमाला पोचायच्या आधीच माझा श्वास संपलेला असतो आणि मी तो सूर नुसता शिवून वर पळते. त्यावर आता रोज वीस मिनिटं बसते. पट्टीबद्दल त्या अजूनही अधूनमधून बोलतात. मी ऐकून घेते, पट्टी तीच आहे.

मिरजेला जाणाऱ्यांनी एवढं करावं : सकाळी लवकर जावं, गळा गरम करून जाऊ नये, यादी न्यावीच पण शेवटची ओळ मोकळी ठेवावी. जवारी लावताना गाणाऱ्यानं स्वतः हजर राहावं. दुसऱ्याला पाठवून तानपुरा मागवू नये, कितीही जाणकार असला तरी.

दीड वर्षात घोडीवर बारीक खाचा पडायला लागल्या आहेत, नखाला लागतात. पाडव्याच्या आधी घासून घ्यायला नेणार आहे. चाचांना फोन झाला आहे. या वेळी थोडी आणखी खुली करून मागणार आहे.